'टँक'मधली बोट खरी होती

पत्र, थोडक्यात : पत्र लिहिणाऱ्या वाचक ४२ वर्षांच्या आहेत. बालपण सांगलीत गेलं, आता नोकरीनिमित्त पिंपरी-चिंचवडला असतात. नव्वदच्या दशकातल्या त्यांच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या मोठा भाऊ आणि आतेभावंडांबरोबर टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम खेळण्यात गेल्या. वर्षभरापूर्वी जुने कन्सोल गेम खेळणाऱ्यांचा एक गट त्यांना सापडला. महिन्यातल्या एका रविवारी कोणाच्या तरी घरी दहा-बारा जण जमतात, खेळतात, गप्पा मारतात. गटात त्या एकट्याच बाई. मागच्या वेळी 'टँक' गेमचा विषय निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यात एक बोट मिळायची, ती घेतली की आपला टँक पाण्यावरून जायचा." गटातल्या सगळ्यांत जाणकार अशा एका गृहस्थांकडे जपानहून आणलेली अस्सल यंत्रं आहेत. ते म्हणाले, "त्या गेममध्ये असं काही नाहीच. तुमची कशाशी तरी गल्लत होतेय." बाकीचे हसले. मग तुम्ही खेळता कशावर, अशी विचारणा झाली. लॅपटॉपवर इम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम) वापरते आणि अवघड जागी 'सेव्ह स्टेट' करून ठेवते, म्हणजे मेलं तरी तिथूनच पुन्हा सुरू करता येतं, असं सांगितल्यावर तेच गृहस्थ म्हणाले, "मग त्याला खेळणं म्हणत नाहीत." शिवाय लॅपटॉपवरचा मारिओ त्यांना लहानपणापेक्षा जोरात पळतोय असं वाटतं, सारखा मरतो, म्हणून आता आपला हातच चालत नाही असं त्यांनी धरून घेतलं आहे. दिवाळीच्या बोनसमधले ३० हजार त्यांनी बाजूला ठेवलेत. त्यातून निन्टेन्डो कंपनीचं मूळ जपानी यंत्र, म्हणजे फॅमिकॉम मागवावा, म्हणजे गटात बोलायला तोंड राहील, की गटच सोडून द्यावा, असा त्यांचा प्रश्न आहे. शेवटी एक ओळ आहे : "माझ्या आठवणी खोट्या आहेत का?"

प्रिय ताई,

तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते, कारण मला वाटतं पत्र त्या ओळीसाठीच लिहिलं गेलंय. नाही, तुमच्या आठवणी खोट्या नाहीत. बोट होती. साताऱ्याला मामाकडे ती मी स्वतः घेतलेली आहे, आणि पाणी ओलांडून शत्रूच्या मागून गेलेली आहे.

झालं असं असणार. ते गृहस्थ ज्या गेमबद्दल बोलत होते तो 'बॅटल सिटी', जपानच्या नाम्को कंपनीने १९८५ मध्ये फॅमिकॉमसाठी काढलेला. विटांच्या भिंती, खाली मधोमध आपण राखायचा गरुड, वरून येणारे शत्रूचे टँक. त्यात चांदणी, शिरस्त्राण, फावडं, बॉम्ब, घड्याळ आणि जादा टँक अशा सहा गोष्टी मिळतात. बोट मिळत नाही. इथपर्यंत त्यांचं बरोबर आहे. पण आपल्याकडच्या कित्येक कॅसेटींमध्ये नाम्कोचा मूळ गेम नव्हताच. त्यात 'टँक १९९०' होता, म्हणजे त्याच गेममध्ये कोणीतरी परवानगीशिवाय फेरफार करून, नकाशे बदलून, वर पिस्तूल आणि बोट घालून केलेली आवृत्ती. दिसायला तोच, आवाज तोच, फक्त दोन वस्तू जास्त. तुम्ही दोघं दोन वेगळ्या गेमबद्दल बोलत होता आणि दोघंही खरं सांगत होता. त्या खोलीत एकाने जरी "तुमची कॅसेट कुठली होती?" असं विचारलं असतं, तर हा प्रसंग आलाच नसता.

आता मारिओचं. इथे तर तुमच्या हातांना तुम्ही उगाचच दोष देताय.

जपान आणि अमेरिकेतल्या टीव्हीवर सेकंदाला ६० वेळा चित्र येत असे, आपल्याकडच्या टीव्हीवर ५० वेळा. हे जुने गेम चित्रागणिक चालतात, म्हणजे एक चित्र काढलं की मारिओ एक पाऊल पुढे. आपल्यासारख्या देशांसाठी तैवानमधून चिपा यायच्या, त्यांवर बनलेली बरीच यंत्रं जपानी गेम जसेच्या तसे चालवायची, पण ५० च्या गतीने. त्यामुळे अख्खा गेम सुमारे सहाव्या हिश्श्याने हळू चालायचा. उडी हळू, कासव हळू, संगीतसुद्धा निवांत. तुमची बोटं त्या गतीला लागलेली आहेत. लॅपटॉपवरचा इम्युलेटर मात्र बहुतेक वेळा आपणहून ६० ची गती धरतो. तुम्हाला मारिओ जोरात पळताना दिसतो, कारण तो खरोखरच जोरात पळतोय.

यावर उपायही साधा आहे. मेसेन किंवा एफसीईयूएक्स यांपैकी एखादा इम्युलेटर वापरत असाल, तर त्यांच्या सेटिंगमध्ये रीजन, म्हणजे कुठल्या देशाच्या यंत्रासारखं चालायचं ते, निवडायची सोय असते. तिथे 'डेंडी' असा एक पर्याय दिसेल. डेंडी हे रशियात १९९२ पासून विकलं गेलेलं असंच एक नकली यंत्र. आपल्याकडची बरीचशी यंत्रं त्याच जातकुळीतली. तो पर्याय निवडा आणि पहिली स्टेज खेळून बघा. आणखी एक, लॅपटॉपच्या किंवा नव्या टीव्हीच्या पडद्यावर बटण दाबल्यापासून चित्र हलेपर्यंत थोडा उशीर होतो, तेवढा जुन्या काचेच्या (पिक्चर ट्यूबच्या) टीव्हीवर होत नव्हता. ब्लूटूथचा रिमोट असेल तर त्यात आणखी भर. वायरीचा यूएसबी रिमोट घ्या, टीव्हीला जोडत असाल तर त्याचा 'गेम मोड' चालू करा. एवढं करूनही खड्ड्यात पडलात, तर मग सराव कमी पडतोय असं म्हणू. तोवर नाही.

हे सगळं इतकं तपशिलात सांगतेय, कारण तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही न विचारताच मान्य केली आहे. अस्सल अनुभव जपानी यंत्रावरचा, आणि आपला तो त्याची फिकी नक्कल. मला हे मुळातच पटत नाही. निन्टेन्डोचा फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला आला. आपल्याकडे समुराई या नावाने अधिकृत यंत्र काही काळ विकलं गेलं, पण मध्यमवर्गीय घरांत पोचली ती मीडिया, लिटल मास्टर अशा नावांची यंत्रं आणि पिवळ्या, लाल, काळ्या कॅसेटी. कॅसेटीवर '९९९९९ इन १' लिहिलेलं. यादी उघडली की पहिल्या पानावर मोजकेच गेम, आणि पुढच्या पानांवर तेच गेम वेगळ्या नावाने किंवा तिसऱ्या स्टेजपासून सुरू होणारे. रिमोटवर टर्बोची दोन जादा बटणं, जी जपानच्या १९८३ च्या रिमोटवर नव्हती. चॅनेल लावताना टीव्हीच्या मागचं किंवा पुढचं बारीक चाक फिरवत मुंग्यांतून मारिओ बाहेर येईपर्यंत सगळ्यांनी श्वास रोखलेला. सांगली, अकोला, मालवण किंवा मडगावच्या मुलामुलींना 'व्हिडिओ गेम' म्हणून जे भेटलं ते हे. या खेळाचा आपल्याकडचा इतिहास लिहायचा झाला, तर तो या यंत्रांचा असेल. जपानहून वीस-पंचवीस वर्षांनी मागवलेला फॅमिकॉम त्या गृहस्थांना मनापासून आवडतो, त्यांनी तो जपलाय, त्याचा आदर आहेच. पण १९९५ च्या सांगलीबद्दल तो काहीच सांगू शकत नाही. तुम्ही सांगू शकता.

आणि तुम्ही आणखी एक गोष्ट सांगू शकता, जी त्या खोलीत बहुधा दुसऱ्या कोणाकडे नाही. भावाबरोबर खेळायचात असं लिहिलंय, म्हणून विचारते, तुमच्या हातात दुसरा रिमोट असायचा ना? पुष्कळ घरांत बहिणीच्या वाट्याला दुसराच यायचा. दुसऱ्या रिमोटवरून दिसणारा खेळ वेगळा असतो. मारिओत लुइजीची, म्हणजे दुसऱ्या खेळाडूची पाळी मारिओ मेल्याशिवाय येतच नाही, म्हणजे भाऊ चांगला खेळणारा असेल तर बहीण अर्धा तास बघत बसणार. काँट्रात दोघं एकाच वेळी खेळतात, पण तिसऱ्या, धबधब्याच्या स्टेजला एकजण भराभरा वर चढला की पडदा त्याच्याबरोबर वर सरकतो आणि मागे राहिलेला खालच्या कडेवरून फुकटचा मरतो. त्या धबधब्यावरून किती घरांत भांडणं झाली असतील! "थांब ना, मी येतेय" हे वाक्य ज्यांनी ओरडून म्हटलंय, त्यांना तो गेम दोघांनी मिळून कसा खेळायचा हे एकट्याने संपवणाऱ्यापेक्षा जास्त कळतं. गटात बोलताना हे बोला. "मी हा गेम संपवलाय" यापेक्षा "आमच्याकडे लाइफ संपली की रिमोट कोणाकडे जायचा" याच्या गप्पा जास्त रंगतात, आणि त्यात प्रत्येकाला सांगण्यासारखं काहीतरी असतं.

सेव्ह स्टेटबद्दल मी तुमच्या बाजूची आहे, पण पूर्णपणे नाही.

आधी तुमची बाजू. काँट्रा सुरू होताना वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए दाबलं की तीनाच्या जागी ३० लाइफ मिळायच्या. हा कोड मुळात काझुहिसा हाशिमोतो या कोनामी कंपनीतल्या माणसाने 'ग्रेडियस' या गेमची १९८६ ची फॅमिकॉम आवृत्ती बनवताना घातला होता, कारण तो गेम तपासताना त्यांना स्वतःलाच झेपेना. बनवणाऱ्यालाच ज्याची गरज पडली ती सवलत पुढे सगळ्या जगाने वापरली. आपल्याकडच्या कॅसेटींत तर कित्येकदा यादीतच ३० लाइफचा काँट्रा वेगळा दिलेला असायचा. त्याला कोणी 'हे खेळणं नाही' म्हटलं नाही. नोकरी, घर, मुलांचा अभ्यास सांभाळून रात्री अकराला अर्धा तास खेळणाऱ्या बाईने जागा राखून ठेवली, तर त्यात कमीपणा मुळीच नाही.

आता त्यांची बाजू. विक्रमांच्या जगात यंत्र कुठलं आणि मदत कसली घेतली, याला फार महत्त्व असतं. अमेरिकेत विक्रम नोंदवणाऱ्या ट्विन गॅलेक्सीज या संस्थेने २०१८ मध्ये एका नामवंत खेळाडूचे 'डाँकी काँग'चे विक्रम यादीतून काढले होते, ते खेळ मूळ यंत्रावर झाले की नाही या वादातून. प्रकरण कोर्टात गेलं, २०२४ मध्ये तडजोडीने मिटलं. दुसरीकडे, १९८९ च्या निन्टेन्डो टेट्रिसमध्ये १५७ व्या लेव्हलला पोचून गेमच गोठवून टाकण्याचा पराक्रम डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या १३ वर्षांच्या मुलाने केला. त्याचं कौतुक एवढं झालं, कारण प्रत्येक जण तोच गेम त्याच अटींवर खेळतोय असा त्या खेळाडूंमध्ये विश्वास आहे. तुमच्या गटातले गृहस्थ या परंपरेतून बोलत असतील. तेव्हा गटात गुणांची स्पर्धा लागली किंवा "मी एका दमात संपवला" असं सांगायची वेळ आली, तर सेव्ह स्टेट वापरलं हे स्पष्ट सांगायचं, किंवा ते न वापरता खेळायचं. तुम्ही तर न लपवता सांगितलंतच. स्पर्धेचा नियम त्यांनी रविवारच्या गप्पांना लावला, चूक तिथे झाली.

त्यांच्याबद्दल तुमच्या पत्रात राग आहे, आणि तो मला समजतो. सगळ्यांसमोर हसं झालं की ज्ञानाचा मुद्दा बाजूला राहतो आणि अपमान तेवढा घरी येतो. गटात एकटीच बाई असताना तो दुप्पट लागतो, कारण मनात शंका येते की हेच एखाद्या पुरुष सदस्याने म्हटलं असतं तर "कुठली कॅसेट?" असं विचारलं असतं का. ही शंका खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण एका रविवारवरून माणसाबद्दल कायमचं मत करू नका. पुढच्या भेटीआधी त्यांना फोन करा. गटाच्या व्हॉट्सॲपवर हा विषय काढू नका. तिथे त्यांना माघार घेणं अवघड जाईल आणि बाकीचे तमाशा बघतील. फोनवर दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगा. पहिली माहितीची : "तुम्ही बॅटल सिटीबद्दल बोलत होता, माझी कॅसेट टँक १९९० ची असणार, त्यात बोट आहे." दुसरी मनाची : "तुम्ही चूक काढलीत याचं काही नाही, पण सगळे हसले ते मला लागलं. पुढच्या वेळी आधी विचारा." एवढंच. खरा जाणकार असेल तर पहिलं वाक्य ऐकून त्याचे डोळे चमकतील, कारण त्याच्याकडे नसलेली गोष्ट तुम्ही त्याला देताय.

आता ३० हजारांचं. माझं मत विचाराल तर आत्ता मागवू नका. पैशांपेक्षा हेतू मला खटकतो. गटात तोंड वर करून बसता यावं म्हणून घेतलेलं यंत्र प्रत्येक रविवारी त्याच कामाला जुंपलं जाईल, आणि पुढे कोणीतरी विचारेल की डिस्क सिस्टीम (फॅमिकॉमवर डिस्कवरचे गेम चालवणारं जोडयंत्र) आहे का, मूळ डबा आहे का. ही शिडी कुठेच संपत नाही. तुमचे यजमान छंदाची नोकरी करू नकोस असं म्हणत असतील, तर या एका बाबतीत त्यांचं ऐका.

पुढे कधी केवळ हौस म्हणून घ्यावासा वाटला, तर जरूर घ्या. मग मात्र ही माहिती जवळ असू द्या, आणि हे इतर वाचकांसाठीही आहे. मूळ फॅमिकॉमचा अडॅप्टर जपानच्या १०० व्होल्टसाठी असतो. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये सरळ लावला तर तो जळणार. यंत्रातून चित्र बाहेर पडतं ते जपानी टीव्हीच्या चॅनेलवर, आपल्याकडच्या टीव्हीला ते सहसा सापडत नाही, म्हणून बहुतेक लोक आत एव्हीचं जोडकाम करून घेतात. दोन्ही रिमोट यंत्रालाच जोडलेले असतात, वायर तुटली की दुरुस्ती आली. दुसऱ्या रिमोटला तर स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणंही नसतात. या कटकटी नको असतील तर निन्टेन्डोने १९९३ मध्ये काढलेली सुधारित आवृत्ती बघा, तिला एव्ही वायर जोडायची सोय मुळातच आहे आणि रिमोट काढता येतात. किमतीत टपालखर्च आणि सीमाशुल्क धरायला विसरू नका.

त्याआधी मात्र एक काम करा, आणि हेच मला तुम्हाला सगळ्यांत कळकळीने सांगायचंय. सांगलीच्या घराचा माळा बघा. आत्याकडे विचारा. भावाला फोन लावा. ती कॅसेट अजून कुठेतरी असण्याची शक्यता बरीच आहे, कारण आपल्याकडे अशा वस्तू टाकून देत नाहीत, गोणपाटात बांधून वर ठेवतात. सापडली तर फुंकर मारू नका. लहानपणी आपण सगळ्यांनी फुंकर मारली, पण तोंडातली ओल कॅसेटीतल्या तांब्याच्या पट्ट्यांना गंज चढवते. औषधाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, ते कापसाच्या काडीला लावून पट्ट्या हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या. आणि मग ती कॅसेट गटात घेऊन जा. फॅमिकॉमच्या कॅसेटीला ६० पिना असतात, आपल्याकडच्या नकली कॅसेटींनाही तेवढ्याच आणि त्याच मांडणीच्या. म्हणजे तुमची कॅसेट त्या गृहस्थांच्या अस्सल जपानी यंत्रात बसते, आणि बहुतेक वेळा चालतेही. त्यांच्याच यंत्रावर, त्यांच्याच टीव्हीवर टँक पाणी ओलांडताना दिसला, तर त्या दिवशी वाद नको, दुसरा रिमोट त्यांच्या हातात द्या.

कॅसेट सापडल्यावर आणखी एक कष्ट घ्या. लेबलचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. टीव्हीवर यादीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा, पुन्हा पुन्हा येणाऱ्या नावांसकट. मागचे स्क्रू काढता आले तर आतल्या सर्किटच्या पट्टीचाही फोटो घ्या. मूळ कॅसेटीत पाय असलेल्या चिपा दिसतात, नकलीत बहुतेकदा काळ्या डांबरासारखा एक ठिपका. कुठल्या दुकानातून, कोणत्या वर्षी, किती रुपयांना आणली, घरात त्या गेमला काय म्हणायचात, हे भावाकडून आठवून लिहून ठेवा. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत असं दिसलं की २०१० पूर्वी तिथे विक्रीला आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात कुठेच विकत मिळत नाहीत. ज्यांची रीतसर विक्री झाली, जाहिराती छापून आल्या, त्या गेमची ही गत. मग मुळात कोणाच्या नावावरच नसलेल्या आपल्या कॅसेटींचं काय होत असेल? तुमच्या गटाने दर महिन्याला एक कॅसेट अशी नोंदवली, तर वर्षभरात हाताशी काहीतरी भरीव जमेल. जाणकार सदस्यांचं ज्ञान अशा वेळी खरं कामी येतं. मूळ गेम कुठला आणि बदल काय केलाय, हे तेच सांगू शकतात. त्यांना हे काम द्या.

इतर गटांतून मला अधूनमधून अशीच पत्रं येतात, म्हणून भेटीगाठींबद्दल थोडं. ज्याच्या घरी जमता त्याच्या यंत्राला मान असावा, पण पहिला रिमोट नव्या माणसाला द्यावा. अमुक यंत्र आणा म्हणून कोणावर खरेदीची सक्ती नको. चूक सुधारायची असेल तर आधी यंत्र, कॅसेट आणि गाव विचारावं. एकट्याने खेळायच्या लांबलचक गेमवर अख्खी दुपार घालवण्यापेक्षा काँट्रा, टँक, आईस क्लाइंबर असे दोघांचे गेम लावावेत, म्हणजे जोड्या बदलत राहतात. कोणाकडे काचेचा टीव्ही आणि बंदूक असेल तर डक हंट जरूर काढा. त्या बंदुकीचा चाप ओढला की क्षणभर पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदूक तो उजेड बघते, आणि त्याची वेळ काचेच्या टीव्हीवरच जुळते, म्हणून नव्या टीव्हीवर कितीही नेम धरला तरी बदक पडत नाही. एका बदकाच्या खेळात दुसऱ्या माणसाला रिमोटने ते बदक हलवताही येतं. एक उडवणारा, एक पाडणारा. लहान मुलं असतील तर त्यांना हे आधी दाखवा. मात्र काचेचा टीव्ही उघडून बघायचा मोह कोणीही करू नये. बंद केल्यानंतरही आत हजारो व्होल्टचा दाब शिल्लक राहू शकतो. ते काम जुन्या टीव्ही मेकॅनिकचं.

इम्युलेटरवर चालणाऱ्या गेमच्या फाइलींबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे त्याला जपणुकीपुरती प्रत काढायची मुभा आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आहे. गटात पेन ड्राइव्ह फिरवून गेम वाटणं त्यात बसत नाही. काँट्रा आणि बॅटल सिटी आज रीतसर विकत मिळतात. पहिला कोनामीच्या २०१९ च्या काँट्रा संग्रहात आहे, दुसरा नाम्को म्युझियम अर्काइव्हजच्या दुसऱ्या भागात, आणि दोन्ही लॅपटॉपवर चालतात. ३० हजारांतला अगदी लहान तुकडा त्यासाठी पुरेल.

गट सोडावा का, हे मी शेवटी ठेवलं, कारण त्याचं उत्तर पुढच्या दोन-तीन भेटींत मिळेल. फोननंतर सूर बदलला, कोणी तुमची कॅसेट हातात घेऊन नीट बघितली, तर थांबा. पुन्हा तसंच हसणं, पुन्हा 'तुमचं हे खरं नाही' असं झालं, तर कसलंही स्पष्टीकरण न देता निघा. तुम्हाला कोणाकडे परीक्षा द्यायची नाहीये. गटातल्याच ज्या दोघा-तिघांशी तुमचं जुळतं त्यांना घरी बोलवा. आणि भाऊ दूर राहत असेल तर रेट्रोआर्च या इम्युलेटरच्या प्रोग्रॅममध्ये 'नेटप्ले' नावाची सोय आहे, दोन गावांत बसून एकच गेम दोघांना खेळता येतो. दोघांकडे एकाच इम्युलेटरची एकच आवृत्ती आणि तोच गेम असावा लागतो, एवढी काळजी घ्या. काँट्राने सुरुवात करा, आणि धबधब्यावर या वेळी त्याला थांबायला सांगा.

माळ्यावर काहीच मिळालं नाही, तर पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात एक फेरी मारा. नुसती कॅसेट मिळाली तरी घ्या, यंत्र नसलं तरी चालेल. यंत्र मिळालंच, तर विक्रेत्याचा अडॅप्टर त्याला तसाच लावू नका. या नकली यंत्रांमध्ये काहींची पिन आतून ऋण असते, काहींची आतून धन, आणि उलटी लागली की चिप जाते. आधी जवळच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून मीटर लावून तपासून घ्या, मगच टीव्हीला जोडा.